शिक्का कोणत्या कामावर मारणार? अमेरिकेत पीई परीक्षेची शाखा निवडताना

अमेरिकेत ड्रॉइंगवर स्वतःचा शिक्का मारायचा तर ‘प्रोफेशनल इंजिनीअर’ म्हणजे पीई परवाना लागतो. त्याची परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला बसलं की समोर शाखांची यादी उघडते. सिव्हिल एकच असेल असं वाटतं, तर तिथे पाच सिव्हिल. मेकॅनिकल तीन, इलेक्ट्रिकल तीन. खाली केमिकल, एन्व्हायर्न्मेंटल, फायर प्रोटेक्शन, कंट्रोल सिस्टिम्स, न्यूक्लिअर, पेट्रोलियम, खाणकाम, जहाजबांधणी. मी त्या यादीसमोर बसलो तेव्हा फार विचार केला नाही. डिग्री मेकॅनिकलची, थर्मोडायनॅमिक्स कॉलेजात सर्वांत आवडता विषय, म्हणून ‘थर्मल अँड फ्लुइड सिस्टिम्स’ निवडलं. नोकरी मात्र एका कन्सल्टिंग फर्ममध्ये होती आणि दिवसभराचं काम म्हणजे शाळा-दवाखान्यांच्या इमारतींचं एअर कंडिशनिंग: डक्टचे आकार, एअर हँडलर, चिलरचे पंप.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं आपण लिहून देतो, त्यामुळे ते सोडून देतो. तयारीचे सहा महिने कसे गेले तेवढं सांगतो. रोज संध्याकाळी टर्बाइनची चक्रं, नोझलमधला कॉम्प्रेसिबल फ्लो, कॉलेज सुटल्यापासून हातही न लागलेल्या गोष्टी. आणि सकाळी ऑफिसात सायक्रोमेट्रिक चार्टवर (हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारा तक्ता) बाहेरची हवा आणि खोलीतून परत येणारी हवा यांचा मिश्रणबिंदू शोधायचा, कॉइलवर किती सेन्सिबल (तापमानाचा) आणि किती लेटंट (आर्द्रतेचा) भार पडतो ते काढायचं. त्या चार्टवर माझा हात डोळे मिटून चालत होता. पहिल्या वेळी नापास झालो. दुसऱ्या वेळी ‘एचव्हीएसी अँड रेफ्रिजरेशन’ (इमारतींचं हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग) निवडलं, निम्म्या वेळात तयारी झाली आणि पास झालो. पहिल्या सहा महिन्यांत मुलीला झोपवायला एकदाही वेळेवर घरी पोचलो नव्हतो, म्हणून हे तुम्हाला मनापासून सांगावंसं वाटतं: परीक्षेची शाखा डिग्रीच्या कागदावरून निवडू नका. उद्या ज्या कामावर तुमचा शिक्का बसणार आहे, त्यावरून निवडा.

पायरी १: तुमचं राज्य काय मागतं?

अमेरिकेत इंजिनीअरचा परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं. पहिला कायदा १९०७ मध्ये वायोमिंगने केला. टेक्ससने तो केला १९३७ साली, न्यू लंडन गावच्या शाळेत वायुगळतीने स्फोट होऊन जवळपास तीनशे मुलं-शिक्षक गेल्यावर. लॉस एंजेलिसला पाणी पुरवणारं सेंट फ्रान्सिस धरण १९२८ मध्ये फुटलं, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाने सिव्हिल इंजिनीअरांसाठी परवाना आणला. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो, कारण परीक्षेच्या धावपळीत हा परवाना कशासाठी आहे तेच आपण विसरून जातो.

बहुतेक राज्यांत परवान्यावर नुसतं ‘प्रोफेशनल इंजिनीअर’ लिहिलेलं असतं, शाखा नसते. कोणतीही पीई परीक्षा पास झालात तरी परवाना तोच. मात्र कायदा सांगतो की ज्यात तुमचं शिक्षण आणि अनुभव आहे, त्याच कामावर शिक्का मारायचा. काही राज्यांत परवानाच शाखेनुसार मिळतो: कॅलिफोर्निया, नेवाडा, अलास्का, हवाई ही त्यांतली. तिथे राहत असाल तर निवड जास्त जपून करा, कारण चुकीच्या शाखेचा परवाना घेऊन हवं ते काम करता येणार नाही. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना मुख्य परीक्षेशिवाय भूकंपविषयक तत्त्वांची आणि इंजिनीअरिंग सर्व्हेइंगची अशा राज्याच्या दोन वेगळ्या परीक्षाही द्याव्या लागतात.

आणखी एक प्रश्न स्वतःला आधीच विचारून घ्या. तुम्हाला परवाना लागतो का? कारखान्यात किंवा उत्पादन बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या इंजिनीअरांना बऱ्याच राज्यांत सूट आहे. तिथे पीई नसलं तरी नोकरी आणि बढती अडत नाही. इमारती, रस्ते, पूल, पाणी, वीजपुरवठा, अग्निसुरक्षा, म्हणजे जिथे नकाशे मंजुरीसाठी सरकारी कार्यालयात जातात, तिथे परवान्याशिवाय एका टप्प्यापुढे जाता येत नाही. सॉफ्टवेअरमधल्या मित्रांसाठी: सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगची पीई परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली होती, उमेदवारच मिळेनात म्हणून २०१९ नंतर बंद झाली. तुम्ही हे वाचून सोडून दिलंत तरी चालेल.

पायरी २: महिनाभराची कामाची वही

एक साधी वही घ्या आणि महिनाभर रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज कोणतं कॅल्क्युलेशन केलं, कोणता कोड (नियमसंहिता) उघडला, कोणत्या ड्रॉइंगवर काम केलं. ‘प्रोजेक्टवर काम केलं’ असं लिहू नका. ‘पार्किंगच्या तळ्यासाठी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पावसाचा प्रवाह काढला, पाइपचा उतार ठरवला’ असं लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण महिन्याअखेरीस पानं उलटलीत की आश्चर्य वाटतं. मी स्वतःला ‘थर्मल इंजिनीअर’ समजत होतो. माझ्या वहीत मात्र डक्ट, बाहेरच्या हवेचं प्रमाण, कूलिंग लोड आणि पंप हेच शब्द पुन्हा पुन्हा येत होते.

वहीच्या शेवटच्या पानावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा. पाच वर्षांनी तुमच्या टेबलावर सहीसाठी कोणतं ड्रॉइंग येईल? आत्ताचं काम तात्पुरतं असेल आणि बदली ठरलेली असेल, तर हे उत्तर वहीतल्या नोंदींपेक्षा महत्त्वाचं. पण नुसतं स्वप्न असेल तर वहीलाच मान द्या.

पायरी ३: अभ्यासक्रमावर तीन खुणा

एनसीईईएस प्रत्येक परीक्षेचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतं. दोन-चार पानांची पीडीएफ असते, त्यात विषयांची नावं आणि प्रत्येकासमोर किती प्रश्न येतील त्याचा आकडा, म्हणजे ५ ते ८, ७ ते ११ असा. बहुतेक शाखांत परीक्षा एकूण ८० प्रश्नांची, आठ तासांची.

तुमच्या मनात असलेल्या दोन शाखांचे अभ्यासक्रम छापून घ्या. स्क्रीनवर हे नीट होत नाही, हाताने करा. पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण: बरोबरची खूण म्हणजे हे मी कामावर करतो, गोल म्हणजे कॉलेजात शिकलो पण हात बसलेला नाही, फुली म्हणजे हे कधी पाहिलंच नाही. मग बरोबरच्या खुणा असलेल्या ओळींचे खालचे आकडे बेरीज करा. ५ ते ८ असेल तर ५ धरायचे, स्वतःला झुकतं माप द्यायचं नाही.

माझा आडाखा असा: बेरीज चाळिशीच्या आसपास गेली की ती तुमची परीक्षा. तिशीच्या आत असेल तर शाखा बहुधा चुकतेय. दोन्ही शाखांची बेरीज जवळजवळ सारखी आली तर फुल्या मोजा. गोल हे तयारीत भरून निघतात, फुल्या मात्र महिने खातात. हा काही नियम नव्हे. पण माझ्यानंतर ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी हे करून पाहिलं आणि त्यांतल्या दोघांनी नोंदणीच्या आधी शाखा बदलली.

पायरी ४: नेहमी घोळ होतो त्या जोड्या

सिव्हिल. इथे पाच परीक्षा आहेत: कन्स्ट्रक्शन, जिओटेक्निकल, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन, आणि वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्न्मेंटल. २०२४ च्या एप्रिलपर्यंत सगळ्यांना ४० प्रश्न सर्वसाधारण सिव्हिलचे आणि ४० आपल्या शाखेचे असत. तो सर्वसाधारण भाग आता नाही, पूर्ण परीक्षा शाखेचीच. त्यामुळे ‘अर्धे मार्क तर सगळ्यांना सारखेच’ हा जुना सल्ला मोडीत निघाला आहे. पाच-सात वर्षांपूर्वी पास झालेला सीनिअर काही सांगत असेल तर प्रेमाने ऐका, पण अभ्यासक्रम आजचा बघा.

सर्वांत जास्त गोंधळतात ते साइट डेव्हलपमेंटवाले. त्यांच्या ड्रॉइंगवर रस्ता, गटार, पाणी, मातीकाम सगळंच असतं. वहीत पावसाचं पाणी, पाइप आणि साठवण तळी जास्त असतील तर वॉटर रिसोर्सेस. आडवी-उभी वळणं, चौकातली वाहतूक, रस्त्याचा थर हे जास्त असेल तर ट्रान्सपोर्टेशन. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी कन्स्ट्रक्शनचा अभ्यासक्रम वाचल्याशिवाय राहू नये. मातीकामाची मोजणी, वेळापत्रक, क्रेन, फॉर्मवर्क, खोदाईचा आधार, साइटवरची सुरक्षा असं त्यात असतं. ‘ही सोपी परीक्षा’ असं लोक म्हणतात. साइटवर ज्याने दोन वर्षं काढली त्याला ती सोपी वाटेल, डिझाइन ऑफिसात बसणाऱ्याला नाही.

सिव्हिलमधलं वॉटर रिसोर्सेस आणि स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंटल परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत हवेचं प्रदूषण, घनकचरा आणि घातक कचरा, दूषित जमिनीची साफसफाई हेही येतं. सांडपाणी प्रकल्पात काम करणारा दोन्हीकडे जाऊ शकतो. पूरप्रवाह आणि नद्यांवर काम करणाऱ्याने मात्र सिव्हिलमध्येच राहावं.

स्ट्रक्चरलवाल्यांसाठी दोन वाटा आहेत आणि इथे थोडं थांबायला हवं. सिव्हिल-स्ट्रक्चरल ही नेहमीची आठ तासांची परीक्षा. दुसरी एसई, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरची खास परीक्षा, चार भाग मिळून २१ तासांची, उभ्या भारांची आणि आडव्या भारांची वेगवेगळी. इलिनॉय आणि हवाईमध्ये स्ट्रक्चरल कामासाठी एसई लागतं. कॅलिफोर्नियात दवाखाने आणि सरकारी शाळांसारख्या इमारतींसाठी वेगळा स्ट्रक्चरल अधिकार लागतो. तुमची फर्म कोणत्या राज्यांत काम घेते ते विचारा आणि मग ठरवा.

एवढी कडक अट का, ते १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दिसलं. आतले लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालपर्यंत एकच अखंड रॉड होता. प्रत्यक्षात त्याचे दोन तुकडे झाले, आणि वरच्या पुलाच्या जोडावर खालच्या पुलाचाही भार आला, म्हणजे दुप्पट. बदललेली ड्रॉइंग मंजूर करणाऱ्या इंजिनीअरांचे मिसुरीतले परवाने रद्द झाले. एक नट, एक वॉशर आणि एका बॉक्स बीमची भिंत, एवढीशी ती जागा. शाखा निवडताना माझ्या डोळ्यांसमोर तो जोड असतो: अशी ड्रॉइंग माझ्यासमोर आली तर चूक मला दिसेल का? ज्या क्षेत्रात उत्तर ‘हो’ आहे, ते माझं क्षेत्र.

मेकॅनिकल. माझं वर सांगितलंच. इमारतींची कामं करत असाल तर एचव्हीएसी. वीजकेंद्र, रिफायनरी, पंप-टर्बाइन-हीट एक्स्चेंजर असेल तर थर्मल अँड फ्लुइड. यंत्रांचे भाग, वेल्डिंग, बोल्टचे जोड, बेअरिंग, कंपनं, मटेरियल यांत दिवस जात असेल तर मशीन डिझाइन अँड मटेरियल्स. स्प्रिंकलर आणि धूरनियंत्रणात पूर्णवेळ असाल तर फायर प्रोटेक्शन बघा. डिग्री मेकॅनिकलची म्हणून तुम्ही मेकॅनिकलच दिली पाहिजे असा आग्रह बहुतेक बोर्डांचा नसतो, पण तुमच्या राज्याच्या बोर्डाला एक ई-मेल टाकून लेखी उत्तर घ्या.

इलेक्ट्रिकल. इथे बहुतेकांसाठी उत्तर ‘पॉवर’ हेच असतं, कारण परवाना लागणारी कामं तिथेच आहेत: ट्रान्सफॉर्मर, मोटर, प्रोटेक्शन, वितरण, इमारतीचं वायरिंग. एनईसी म्हणजे राष्ट्रीय वीज संहिता रोज उघडत असाल तर दुसरा विचारही करू नका. खरी अडचण येते ती जलशुद्धीकरण किंवा रासायनिक प्रकल्पात पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे नियंत्रक संगणक), सेन्सर आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर काम करणाऱ्यांची. त्यांच्यासाठी कंट्रोल सिस्टिम्सची वेगळी परीक्षा आहे आणि ती केमिकल किंवा मेकॅनिकल डिग्रीवालेही देतात.

केमिकल, न्यूक्लिअर, पेट्रोलियम, खाणकाम यांत निवडीचा प्रश्न फारसा पडत नाही. काम तिथलं असेल तर परीक्षाही तीच.

पायरी ५: संदर्भग्रंथ उघडून बघा

पीई परीक्षा आता संगणकावर होते आणि स्वतःची पुस्तकं नेता येत नाहीत. एनसीईईएसचं त्या शाखेचं हँडबुक, आणि काही शाखांत ठरावीक कोड, स्क्रीनवरच मिळतात. हे हँडबुक खातं उघडलं की विनामूल्य उतरवता येतं. निवडीआधीच दोन्ही शाखांची हँडबुकं उघडा आणि वहीतलं एखादं खरं काम त्यातून शोधून बघा. मी एचव्हीएसीच्या हँडबुकात माझ्या कामातलं सूत्र शोधलं तेव्हा ते कुठल्या प्रकरणात असेल ते आधीच कळत होतं. दुसऱ्या शाखेत दहा मिनिटं चाळत बसलो होतो. आठ तासांत ८० प्रश्न, म्हणजे एकाला सहा मिनिटं. त्यात शोधाशोध परवडत नाही.

कॅल्क्युलेटरची चिंता मिटलेलीच आहे: मंजूर यादीत कॅसिओचं एफएक्स-९९१ आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी कॉलेजभर तेच वापरलं, बोटांना त्याची सवय आहे. घरी पडलेलं शोधून काढा.

पायरी ६: तारखा, कागदपत्रं, सह्या

मोठ्या शाखांच्या परीक्षा वर्षभर केव्हाही देता येतात: सिव्हिल, मेकॅनिकल, पॉवर, केमिकल, एन्व्हायर्न्मेंटल. कंट्रोल सिस्टिम्स, फायर प्रोटेक्शन यांसारख्या लहान शाखा वर्षातून एकदाच. नापास झालात तर मोठ्या शाखेत पुढच्या तिमाहीत परत बसता येतं, वर्षात तीन वेळा. लहान शाखेत वर्ष जातं. बेरीज सारखी आली असेल आणि बढती या परीक्षेवर अडली असेल, तर याचाही विचार करा.

भारतातल्या डिग्रीवाल्यांनी शाखेचा विचार सुरू असतानाच शिक्षणाच्या मूल्यमापनाचं काम हाती घ्यावं. बरीच राज्यं एनसीईईएसकडून ते मागतात आणि विद्यापीठाने गुणपत्रिका थेट पाठवावी लागते. विद्यापीठात फेऱ्या मारायला तिकडे कुणीतरी माणूस हवा, आणि त्यात महिने जातात. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (देशांनी एकमेकांच्या इंजिनीअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचा करार) सदस्य आहे, पण करार तुमच्या कॉलेजच्या तुमच्याच कोर्सला आणि तुमच्याच वर्षाला लागू होतो का ते बघावं लागतं. एफई, म्हणजे पीईच्या आधीची मूलभूत इंजिनीअरिंगची परीक्षा, अजून दिली नसेल तर तीही आधी उरकून घ्या. तिच्यातल्या शाखांचा पीईच्या शाखेशी मेळ असलाच पाहिजे असं नाही, तेव्हा तिथे डिग्रीच्या जवळची निवडायला हरकत नाही.

अनुभव साधारण चार वर्षांचा लागतो, बहुधा परवानाधारक इंजिनीअरच्या हाताखाली. अनेक राज्यांत परीक्षा त्याआधीही देता येते. शिफारसपत्रांसाठी साधारण पाच जण लागतात, त्यांतले तीन परवानाधारक. तुमचा साहेब स्ट्रक्चरलचा आणि तुम्ही परीक्षा देताय वॉटरची, तर बोर्डाला प्रश्न पडू शकतो की तुमच्या कामाची साक्ष देणार कोण. शाखा पक्की करण्याआधी साहेबांशी बोला. नुसतं ‘पीई देतोय’ म्हणू नका, वही आणि खुणा केलेला अभ्यासक्रम समोर ठेवा. माझ्या साहेबांनी माझ्या एका फुलीवर बोट ठेवून म्हटलं, “हे तर पुढच्या महिन्यात येतंय, ते काम तू घे.” ती फुली खोडून मी बरोबरची खूण केली.

उत्तीर्णांच्या टक्केवारीचे आकडे एनसीईईएस जाहीर करतं आणि सगळे तेच आधी बघतात. बघा, पण त्यावरून शाखा ठरवू नका. ज्या शाखेत टक्का जास्त दिसतो, तिथे बहुधा तेच काम रोज करणारे लोक बसलेले असतात. तुम्ही त्यांच्यात शिरलात म्हणून तो टक्का तुमचा होत नाही. मित्राकडे नोट्स आणि क्लासची रेकॉर्डिंग तयार आहेत म्हणून त्याचीच शाखा घेण्याचंही तसंच.

नापास झालात तर निकालासोबत विषयवार अहवाल मिळतो. तो तुमच्या तीन खुणांशेजारी ठेवा. बरोबरच्या खुणा असलेल्या विषयांतच मार्क गेले असतील तर शाखा बरोबर आहे, तयारी कमी पडली. फुल्यांनी घात केला असेल तर शाखेचा पुन्हा विचार करा. माझ्या अहवालात हे इतकं स्पष्ट होतं की दुसऱ्याच दिवशी मी एचव्हीएसीचा अभ्यासक्रम छापला.

आणि ती वही परीक्षा झाल्यावरही चालू ठेवा. परवान्याच्या अर्जात प्रत्येक नोकरीतलं काम तारखांसकट लिहावं लागतं आणि तेव्हाच्या साहेबांची सही लागते. साहेब कंपनी सोडून जात असतील तर निरोपाच्या दिवशीच त्यांचा घरचा ई-मेल आणि परवाना क्रमांक वहीत लिहून घ्या.